मोबाईलच्या काचेवरचा ‘९एच’ आणि शाळेतल्या पेन्सिलीवरचा ‘एचबी’ : दोन्ही एकाच शिडीच्या पायऱ्या!

मोबाईलला नवीन स्क्रीनगार्ड बसवायला दुकानात गेलात, की दुकानदार चार-पाच पाकिटं समोर टाकतो. एखादं शंभराचं, एखादं तीनशेचं. पण जवळपास सगळ्या पाकिटांवर एक गोष्ट ठळक छापलेली असते, ती म्हणजे ‘९एच’. हे काय म्हणून विचारलं, की उत्तर ठरलेलं असतं, “एकदम कडक काच आहे. दहा म्हणजे हिरा, ही नऊ. चरा पडणारच नाही.”

आणि दोन महिन्यांनी उन्हात मोबाईल तिरका धरून बघितला, की काचेवर बारीक बारीक चरे दिसायला लागतात.

यात दुकानदार मुद्दाम फसवतोच असं नाही. त्यालाही कुणीतरी तसंच सांगितलेलं असतं. पण या ‘९एच’चा हिऱ्याशी काहीएक संबंध नाही. हा आकडा आलाय पेन्सिलीवरून. शाळेच्या कंपासपेटीतल्या पेन्सिलीच्या मागच्या टोकाजवळ चमकत्या अक्षरांत ‘एचबी’ लिहिलेलं असायचं, आठवतंय? ती ज्या शिडीची मधली पायरी आहे, त्याच शिडीच्या वरच्या टोकाला ९एच बसलेला आहे. मोबाईलची काच आणि पेन्सिल एकाच मापात कशी आली, हे समजून घ्यायचं तर आधी पेन्सिल उघडून बघावी लागते.

शिसपेन्सिलीत शिसं नसतंच

मराठीत आपण शिसपेन्सिल म्हणतो, टोक मोडलं की ‘शिसं तुटलं’ म्हणतो. इंग्रजीतही त्या कांडीला ‘लेड’ म्हणजे शिसंच म्हणतात आणि जर्मन भाषेत तर पेन्सिलीचं नावच ‘शिशाची कांडी’ अशा अर्थाचं आहे. तरीही पेन्सिलीतली काळी कांडी शिशाची नसते. ती असते ग्राफाइट आणि चिकणमाती यांच्या मिश्रणाची. त्यामुळे लहानपणी पेन्सिल चावली म्हणून शिशाची विषबाधा होईल, ही आई-आजीची भीती निदान कांडीच्या बाबतीत तरी निराधार होती.

मग हे नाव आलं कुठून? सोळाव्या शतकाच्या मध्याला इंग्लंडच्या कंबरलँड भागात, बॉरोडेल नावाच्या खोऱ्यात, डोंगराच्या पोटात एक काळा, तुकतुकीत, हाताला लागणारा दगड सापडला. आसपासचे मेंढपाळ त्याने मेंढ्यांच्या अंगावर खुणा करायचे. दिसायला तो शिशाच्या खनिजासारखा, म्हणून लोक त्याला ‘काळं शिसं’ म्हणायला लागले. पुढे १७७९ मध्ये कार्ल शीले या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की हा पदार्थ शिसं नसून कार्बन आहे. १७८९ मध्ये जर्मन भूवैज्ञानिक अब्राहम वेर्नर याने त्याला ‘ग्राफाइट’ हे नाव दिलं. ग्रीक भाषेतल्या ‘लिहिणे’ या क्रियापदावरून. तोपर्यंत ‘शिसं’ हे नाव इतकं रुळलं होतं की ते कुणालाच पुसता आलं नाही.

बॉरोडेलचं ग्राफाइट खास होतं. जगात इतरत्र ग्राफाइट मिळायचं, पण ते भुगा किंवा पापुद्र्यांच्या स्वरूपात, त्यात बाकीची भेसळ असायची. बॉरोडेलमध्ये मात्र शुद्ध आणि सलग ढेकळं निघायची. ती करवतीने कापून चौकोनी काड्या करायच्या, त्या लाकडात बसवायच्या, की झाली पेन्सिल. शिवाय तोफगोळे ओतायच्या साच्यांना आतून हेच ग्राफाइट फासत असत, त्यामुळे सरकारचंही त्यावर लक्ष होतं. खाण वर्षभर चालवत नसत. गरजेपुरता माल काढायचा आणि मग ती बंद करायची. बाहेर पडणाऱ्या मजुरांची झडती घेतली जायची. १७५२ मध्ये ब्रिटिश संसदेने या खाणीतून चोरी करणं हा गंभीर गुन्हा ठरवणारा कायदाच केला. पेन्सिलीच्या शिशासाठी कायदा! पण त्या काळी ती वस्तू तेवढी मोलाची होती.

या पेन्सिलींना दर्जा वगैरे काही नव्हता. खाणीतून जसं ग्राफाइट निघेल तशी पेन्सिल लिहायची. कडक हवी, मऊ हवी असा पर्याय गिऱ्हाइकाकडे नव्हता.

युद्ध झालं आणि फ्रान्सची पेन्सिल संपली

१७९३ मध्ये क्रांतीनंतरच्या फ्रान्सचं ब्रिटनशी युद्ध सुरू झालं. व्यापार थांबला आणि बॉरोडेलचं ग्राफाइट फ्रान्समध्ये यायचं बंद झालं. आता पेन्सिल नाही म्हणून कुठल्या देशाचं काय अडतं, असं वाटेल. पण तेव्हा सैन्यातले इंजिनिअर नकाशे पेन्सिलीने काढायचे. घोड्यावर बसून दौत-टाक कोण सांभाळणार?

युद्धाचा कारभार बघणाऱ्या लाझार कार्नो याने हे काम सोपवलं निकोला-झाक काँते नावाच्या माणसाकडे. काँते मुळात चित्रकार, पण हात सगळीकडे घालणारा. फ्रेंच सैन्यासाठी हायड्रोजनचे फुगे बनवण्याच्या कामात तो होता आणि त्याच प्रयोगांत झालेल्या स्फोटात त्याचा एक डोळा गेला होता. पुढे तो नेपोलियनबरोबर इजिप्तच्या मोहिमेवरही गेला.

काँतेपुढे अडचण सरळ होती. सलग ढेकळं मिळणार नाहीत, मिळेल तो हलक्या प्रतीचा ग्राफाइटचा भुगा. त्या भुग्याची कांडी कशी करायची? त्याआधी काही लोकांनी गंधक किंवा डिंक घालून बघितला होता, पण त्या पेन्सिली नीट लिहायच्या नाहीत. काँतेने ग्राफाइटची बारीक पूड केली, त्यात ओली चिकणमाती मळली, त्याच्या काड्या केल्या आणि त्या भट्टीत भाजल्या. कुंभार मडकं भाजतो तसंच. १७९५ मध्ये त्याला या पद्धतीचं पेटंट मिळालं.

आज जगातल्या कुठल्याही कारखान्यात, मुंबईच्या हिंदुस्तान पेन्सिल्सपासून जपानपर्यंत, शिसपेन्सिलीची कांडी मुळात याच रीतीने होते. फक्त हाताऐवजी यंत्रं आली. ग्राफाइट आणि माती पाण्यात घालून बराच वेळ दळतात, ते मिश्रण बारीक छिद्रातून शेवेसारखं दाबून काढतात, वाळवतात, हजार अंश सेल्सिअसच्या आसपास भाजतात आणि शेवटी मेणात किंवा तेलात बुडवतात, म्हणजे कागदावर गुळगुळीत चालते. जाता जाता सांगायचं तर, नटराज आणि अप्सरा या दोन ‘स्पर्धक’ पेन्सिली याच एका हिंदुस्तान पेन्सिल्सच्या आहेत. शाळेत यावरून झालेली भांडणं फुकट गेली म्हणायची.

काँतेने खरं तर टंचाईवर तोडगा काढला होता. पण त्यातून एक अशी गोष्ट हाती आली जी बॉरोडेलच्या अस्सल ग्राफाइटमध्येही नव्हती. माती किती घालायची हे आता माणसाच्या हातात होतं. आणि पेन्सिलीचे सगळे दर्जे त्या एका गोष्टीवर उभे आहेत.

माती वाढली की काय होतं?

ग्राफाइट म्हणजे कार्बनच्या अणूंचे पातळ थर एकावर एक. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षटकोनी जाळी असते प्रत्येक थरात. थराच्या आतले अणू एकमेकांना घट्ट धरून असतात, पण एका थराची दुसऱ्यावरची पकड अगदी सैल. पत्त्यांचा कॅट टेबलावर ठेवून वरून हात फिरवला की पत्ते सरकतात ना, तसं. कागदावर पेन्सिल घासली की हे थर सुटतात आणि कागदाच्या तंतूंमध्ये अडकून बसतात. तीच आपली काळी रेघ.

भाजलेल्या मातीचे कण या ग्राफाइटला धरून ठेवतात. माती जास्त असेल तर कांडी टणक होते, कागदावर ग्राफाइट कमी सुटतं, म्हणून रेघ फिकी आणि बारीक येते. टोकही जास्त वेळ टिकतं. माती कमी असेल तर ग्राफाइट भराभर सुटतं, रेघ गडद येते, पण टोक लगेच बोथट होतं आणि हात फिरला की पसरतं. साधारण एचबी पेन्सिलीच्या कांडीत दोन तृतीयांशांच्या आसपास ग्राफाइट आणि पाव भाग माती असते, उरलेलं मेण वगैरे. ९बीसारख्या अगदी मऊ पेन्सिलीत माती नावालाच असते, तर ९एचमध्ये ती ग्राफाइटच्या बरोबरीला किंवा त्याहून वर जाते.

म्हणजे ‘कडक’ आणि ‘गडद’ ही एकाच तराजूची दोन पारडी आहेत. एक वर गेलं की दुसरं खाली. कडकही आणि गडदही अशी साध्या ग्राफाइटची पेन्सिल मागणं म्हणजे चहा कमी पत्तीचा पण कडक मागण्यासारखं आहे. आपल्याकडे पाकिटावर ‘एक्स्ट्रा डार्क’ लिहून पेन्सिली विकतात. तो काही या शिडीवरचा दर्जा नाही. गडद उमटावं म्हणून कांडी बी च्या बाजूला झुकवलेली असते, एवढाच त्याचा अर्थ. अक्षर ठसठशीत दिसतं हे खरं, पण शार्पनरला काम जास्त आणि वहीची पानं थोडी काळवंडतात हेही तितकंच खरं. लहान मुलांसाठी मात्र हा सौदा चांगला असतो, कारण त्यांच्या बोटांत जोर कमी असतो. जपानमध्ये पहिली-दुसरीतल्या मुलांना शाळेतूनच बी किंवा २बी वापरायला सांगतात.

एच, बी आणि मधला एफ

दर्जे ठरवता येतात हे कळल्यावर प्रत्येक कारखानदाराने आपापली खूण काढली. कुणी आकडे छापायचं, कुणी अक्षरं. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या पेन्सिलवाल्यांमध्ये अक्षरांची पद्धत रुळली. एच म्हणजे ‘हार्ड’, कडक. बी म्हणजे ‘ब्लॅक’, काळी. चित्रकारांना काळी हवी, नकाशे काढणाऱ्यांना कडक हवी, त्यामुळे दोन गिऱ्हाइकांची दोन अक्षरं झाली. त्याहून काळी हवी असेल तर बीबी, त्याहून काळी तर बीबीबी. ही अक्षरांची आगगाडी लांबत गेल्यावर कुणीतरी आकडे वापरायचं शहाणपण दाखवलं आणि २बी, ३बी असं लिहिणं सुरू झालं. दोन्हींच्या मध्ये बसणारी ती एचबी. आणि एचबी आणि एच यांच्या मध्ये अजून एक चिंचोळी पायरी आहे, एफ. एफ म्हणजे ‘फाइन’, टोक बारीक राहणारी. दुकानात ती क्वचित मिळते आणि मिळाली तरी छपाई चुकली असावी असं समजून लोक परत ठेवतात.

याच अक्षरांची दुसरी एक गोष्ट सोशल मीडियावर फिरत असते. ऑस्ट्रियातल्या योझेफ हार्टमुट याने १७९० मध्ये सुरू केलेली कंपनी पुढे बुद्येयोवित्से या गावात गेली. ते आज चेक प्रजासत्ताकात आहे. एच म्हणजे हार्टमुट, बी म्हणजे बुद्येयोवित्से आणि एफ म्हणजे फ्रान्झ हार्टमुट, असं ही कंपनी सांगते. ऐकायला छान आहे. पण एच आणि बी ही अक्षरं इंग्रजी शब्दांना इतकी चपखल बसतात, आणि इंग्लंडमध्ये ती एकोणिसाव्या शतकातच वापरात होती, की ‘हार्ड’ आणि ‘ब्लॅक’ हाच अर्थ जास्त पटतो.

हार्टमुट कंपनीचं श्रेय मात्र वेगळं आहे आणि त्यात भारताचाही एक धागा आहे. १८८९ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनाच्या सुमारास त्यांनी पिवळ्या रंगाची एक महागडी पेन्सिल बाजारात आणली. तिचं नाव ठेवलं ‘कोहिनूर’. गोवळकोंड्याच्या परिसरातल्या खाणीतून निघालेला मानला जाणारा, १८४९ मध्ये पंजाब ब्रिटिशांनी घेतल्यावर विलायतेला गेलेला तोच कोहिनूर. ही पेन्सिल १७ दर्जांत मिळायची आणि तिच्यामुळे हे बारीक वर्गीकरण जगभर पोचलं. नाव जाहिरातीसाठी ठेवलं असलं तरी रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते अगदीच चुकीचं नाही. हिरा आणि ग्राफाइट दोन्ही निव्वळ कार्बन. एकात अणू चारही बाजूंनी जखडलेले, दुसऱ्यात नुसते थर.

आज सर्वसाधारण शिडी अशी आहे : एका टोकाला ९एच, तिथून खाली येत एच, मग एफ, एचबी, बी, आणि पुढे उतरत ९बी. एकूण २० पायऱ्या. काही कंपन्या दोन्ही बाजूंना ताणतात. जपानच्या मित्सुबिशीची हाय-युनी ही पेन्सिल १०एच ते १०बी अशा २२ दर्जांत येते (या मित्सुबिशीचा गाड्यांच्या मित्सुबिशीशी संबंध नाही), तर जर्मनीच्या स्टेडलरची लुमोग्राफ १२बीपर्यंत खाली जाते.

महाराष्ट्रात ज्यांनी शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या, त्यांची या शिडीशी पहिली ओळख बहुधा चित्रकलेच्या सरांनीच करून दिली असेल. वस्तुचित्राच्या छायेसाठी ४बी, ६बी. कर्तव्यभूमितीच्या पेपरला मात्र तीच ६बी घेऊन बसलं की कंपासच्या टोकाने वर्तुळ पूर्ण होईपर्यंत रेघ दुप्पट जाड झालेली असायची. पुढे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला ड्रॉइंगच्या तासाला याच्या उलट. आधी २एचने फिक्या रेघा मारून घ्यायच्या, मग एचने मुख्य आकृती ठळक करायची आणि अक्षरं एचबीने. २एचची फिकी रेघ खोडली नाही तरी चालायचं, इतकी ती बारीक. पण जोर दिला तर कागदावर खाच पडायची, ती मात्र कुठल्याच खोडरबराने गेली नाही. कडक पेन्सिलीचा हा तोटा सहसा कुणी सांगत नाही.

अमेरिकेत ‘नंबर २’ का म्हणतात?

हॉलिवूडच्या सिनेमात परीक्षेच्या प्रसंगात ‘नंबर २ पेन्सिल’ असं ऐकू येतं. ती म्हणजे आपली साधारण एचबीच. अमेरिकेत अक्षरांऐवजी आकडे रुळले. त्यात एक नाव असं आहे ज्याची पेन्सिलीशी गाठ पडेल असं वाटत नाही : हेन्री डेव्हिड थोरो. ज्याच्या सविनय कायदेभंगावरच्या निबंधाचा गांधीजींनी आवर्जून उल्लेख केला, तोच. त्याच्या वडिलांचा मॅसॅच्युसेट्समधल्या काँकर्ड गावात पेन्सिलीचा कारखाना होता. अमेरिकन पेन्सिली तेव्हा बदनाम होत्या, चिकट आणि खरखरीत. थोरोने माती मिसळण्याची पद्धत आणि ग्राफाइट बारीक दळण्याचं यंत्र यावर काम केलं, आणि थोरोंची पेन्सिल १ ते ४ अशा दर्जांत विकली जाऊ लागली. १ सगळ्यात मऊ, ४ सगळ्यात कडक.

परीक्षेत नेमकी नंबर २च का लागायची, याचं कारण मात्र विजेत आहे. ग्राफाइटमधून वीज वाहते. रेनॉल्ड जॉन्सन या मिशिगनमधल्या शाळामास्तराने याचाच उपयोग करून उत्तरपत्रिका तपासणारं यंत्र बनवलं आणि १९३८ मध्ये ते आयबीएमने बाजारात आणलं. पेन्सिलीने भरलेल्या खुणेतून वीज गेली की यंत्राला उत्तर कळायचं. लहानपणी मोटारीच्या स्पार्क प्लगवर पेन्सिलीच्या रेघा मारून गाडी बंद पाडायच्या खोड्या त्याने केल्या होत्या, त्यातून ही कल्पना सुचली असा किस्सा सांगितला जातो. (हाच जॉन्सन पुढे पहिली हार्ड डिस्क बनवणाऱ्या आयबीएमच्या चमूचा प्रमुख होता.) फार कडक पेन्सिल असेल तर कागदावर ग्राफाइट पुरेसं उतरायचं नाही, फार मऊ असेल तर पसरून शेजारच्या रकान्यात जायचं आणि खोडलं तरी मागे काळं राहायचं. मधली बरी.

नंतर वीज जाऊन प्रकाशावर चालणारी यंत्रं आली, ज्याला आपण ओएमआर म्हणतो. भारतातही बरीच वर्षं अनेक प्रवेश परीक्षांच्या सूचनांत ‘एचबी पेन्सिलने गोल पूर्ण रंगवा’ असं वाक्य असायचं. आता नीटसारख्या परीक्षेत बॉलपेन असतं. यंत्राला ते सहज वाचता येतं, आणि पेन्सिलीने केलेली खूण नंतर कुणीही खोडू शकतं ही अडचणही उरत नाही.

एका कंपनीची एचबी, दुसऱ्या कंपनीची बी

आता या शिडीचा कच्चा दुवा. कुठलाही विद्यार्थी दोन कंपन्यांच्या एचबी पेन्सिली शेजारी शेजारी घासून बघू शकतो. रेघा सारख्या येतीलच असं नाही. एकीची एचबी दुसरीच्या बी इतकी काळी निघू शकते. कारण एचबी हे किलो किंवा सेंटिमीटरसारखं माप नाही. ‘एचबी म्हणजे इतकाच कडकपणा’ असा एकच आकडा जगातल्या सगळ्या कारखान्यांना बांधून घातलेला नाही. कंपनी आपल्या शिडीवर प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा कडक राहील एवढं सांभाळते. म्हणून चित्रकार शक्यतो एका चित्रासाठी एकाच कंपनीच्या पेन्सिली घेतात. डब्यातली ४बी संपली म्हणून दुसऱ्या कंपनीची उचलली, की छाया वेगळीच दिसायला लागते.

हे ध्यानात ठेवून आता परत मोबाईलच्या दुकानात येऊ.

काचेवर पेन्सिल घासतात

रंग बनवणाऱ्या उद्योगाला एक जुनी अडचण होती. गाडीवर, फ्रिजवर, कपाटावर दिलेला रंगाचा थर किती टणक झालाय हे स्वस्तात आणि चटकन कसं बघायचं? कुणालाही परवडणारी, क्रमाने कडक होत जाणारी वस्तू तर प्रत्येक दुकानात मिळत होती. पेन्सिली.

चाचणी अशी. पेन्सिलीचं फक्त लाकूड सोलायचं, कांडी गोल तशीच ठेवायची आणि तिचं टोक सँडपेपरवर घासून सपाट करायचं, म्हणजे कड धारदार राहते. मग ती ४५ अंशांत टेकवून पृष्ठभागावर पुढे ढकलायची. या चाचणीच्या आंतरराष्ट्रीय मानकात छोट्या गाडीत पेन्सिल बसवतात आणि टोकावर ७५० ग्रॅमचा भार येईल असं बघतात. एकेक दर्जा घासून बघत जायचं. चरा न पाडणारी सगळ्यात कडक पेन्सिल जी असेल, तो त्या पृष्ठभागाचा दर्जा. ३एचने काही झालं नाही आणि ४एचने चरा पाडला, तर रंगाचा कडकपणा ३एच.

मोबाईलच्या काचेवरचा ‘९एच’ म्हणजे एवढंच. नेहमीच्या संचातली सगळ्यात कडक पेन्सिल घासली तरी चरा पडला नाही. पण पेन्सिल कितीही कडक असली तरी शेवटी ती ग्राफाइट आणि भाजलेली माती. साधी खिडकीची काचसुद्धा सहसा ही परीक्षा पास होते. काचेचा स्क्रीनगार्ड पास झाला यात विशेष काही नाही. प्लॅस्टिकच्या पातळ फिल्मला मात्र इतकं वर जाता येत नाही, त्यामुळे ‘९एच’ वरून एक गोष्ट नक्की कळते की ही साधी फिल्म नाही. त्यापलीकडे शंभराच्या आणि तीनशेच्या पाकिटातला फरक हा आकडा सांगू शकत नाही. शिडीच संपलेली असते.

दुकानदाराचा ‘दहा म्हणजे हिरा’ हा घोटाळा दुसऱ्या एका मापामुळे होतो. जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रिडरिक मोस याने १८१२ मध्ये खनिजांची १ ते १० अशी उतरंड लावली. वरचं खनिज खालच्यावर चरा पाडतं. १० वर हिरा, ९ वर माणिक-नीलम ज्या खनिजाचे असतात ते कुरुविंद, ७ वर गारगोटी. पेन्सिलीतलं ग्राफाइट यात अगदी तळाला, १ ते २ च्या दरम्यान. साधी काच साडेपाच-सहाच्या आसपास. मोबाईलची काच त्याहून थोडी वर जाऊ शकते, पण नऊपर्यंत नाही. मोसच्या मापात खरोखर नऊवर बसणारी काच हवी असेल तर ती काच नसून नीलमाचा स्फटिक असतो, जो महागड्या घड्याळांवर लावतात आणि शंभर रुपयांत मिळत नाही.

आणि म्हणूनच तो दोन महिन्यांतला चरा. वाळूत मुख्यतः गारगोटीचेच कण असतात, मोसच्या मापात ७. रस्त्यावरच्या धुळीतही ते असतात. अलिबागच्या किंवा गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावरून आल्यावर पँटच्या खिशात राहिलेले चार कण, त्यात मोबाईल दिवसभर घासला जातो. पितळी किल्लीला उगाच बदनाम करतात, पितळ काचेपेक्षा बरंच मऊ असतं.

अजून एक. चरा न पडणं आणि न फुटणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पेन्सिलीची चाचणी पहिल्याबद्दल बोलते, दुसऱ्याबद्दल काहीच नाही. मोबाईल पडल्यावर काच वाचेल का हे तिची जाडी, ती कशी मजबूत केली आहे आणि कडा कशा घासल्या आहेत यावर ठरतं. पाकिटावर ‘५डी’, ‘११डी’ असंही लिहिलेलं असतं. ते तर कुठल्याच प्रमाणित मोजमापातून आलेलं नाही. कडांची गोलाई आणि गोंद कुठवर लावलाय याला बाजाराने दिलेली नावं आहेत ती. निदान ‘९एच’च्या मागे एक पेन्सिल तरी खरी असते.

ती पेन्सिल सुटी विकतही मिळते. ड्रॉइंगच्या सामानाच्या दुकानात ९एच मागून स्वतःच्या स्क्रीनगार्डवर घासून बघता येईल. काचेवर चरा बहुतेक पडणार नाही. एक फिकट करडी रेघ उमटेल, ती बोटाने पुसून जाईल.